चिठ्ठीपासून सुरुवात: किशोरांना आरोग्य शिकवणाऱ्यांसाठी

माझ्या सुरुवातीच्या एका सत्रानंतर प्रश्नांच्या डब्यात एक चिठ्ठी निघाली. वहीच्या पानाचा फाडलेला कोपरा, त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं: "सिगरेटने कॅन्सर होतो हे लहानपणापासून ऐकतोय. मित्राने पुढे केली तर काय बोलायचं ते सांगा." पाऊण तास मी फुप्फुसांची चित्रं दाखवली होती आणि त्या पाऊण तासात या प्रश्नाचं उत्तर कुठंच नव्हतं.

तेव्हापासून सत्राची तयारी करताना मी एकच गोष्ट आधी ठरवते. मूल ज्या क्षणी अडणार आहे, त्या क्षणी त्याच्या तोंडात कोणतं वाक्य आणि हातात कोणती कृती असायला हवी? माहिती लागतेच, पण ती त्या क्षणापर्यंत नेणारी असावी. जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 या वयाला किशोरवय म्हणते. त्या वयाच्या गटांबरोबर काम करताना माझी जी पद्धत बसत गेली ती इथे मांडते आहे. तुम्ही परिचारिका असाल, शिक्षक असाल, समुपदेशक असाल किंवा खेळाच्या संघाचे प्रशिक्षक, थोड्याफार फरकानं ती चालेल.

आधी प्रश्न गोळा करा

प्रश्नपेटी सगळेच ठेवतात आणि बहुतेक पेट्या रिकाम्या राहतात. कारण साधं आहे: सगळ्यांसमोर उठून पेटीत चिठ्ठी टाकणं म्हणजे "मला काहीतरी विचारायचंय" असं जाहीर करणं. म्हणून सत्राच्या आठवडाभर आधी जा, प्रत्येकाला सारख्याच आकाराचा कागद द्या आणि प्रत्येकाला काहीतरी लिहायलाच लावा. प्रश्न नसेल त्यानं "मला प्रश्न नाही" हे वाक्य तीन वेळा लिहायचं. सगळ्यांची पेनं सारखाच वेळ हलली पाहिजेत. शेजारच्याचं पेन किती चाललं यावरूनही मुलं अंदाज बांधतात.

पेटी वर्गात उघडू नका. घरी नेऊन चिठ्ठ्यांचे ढीग करा: शरीराचे प्रश्न, माणसांचे प्रश्न (मित्र, आईवडील, प्रेम, छळ) आणि "हे नॉर्मल आहे का?" असे प्रश्न. तिसरा ढीग नेहमी सर्वांत मोठा होतो. चावट किंवा शिवीसारखे शब्द असलेल्या चिठ्ठ्या फेकू नका. त्या बहुधा परीक्षा बघायला लिहिलेल्या असतात, पण खाली खरा प्रश्न असतोच. वाचताना शब्द बदलून योग्य शब्द वापरा आणि चेहरा न बदलता उत्तर द्या. असं एक उत्तर नीट गेलं की पुढच्या वेळच्या चिठ्ठ्या बदललेल्या दिसतात. अक्षर ओळखू आलं तरी त्या मुलाकडे बघू नका.

वयाचं भान याच टप्प्यावर येतं. दहा-बारा वर्षांच्यांना स्वतःच्या शरीराचं कुतूहल आणि धास्ती असते, चौदा-पंधराच्यांना इतरांच्या नजरेची आणि सतरा-अठराच्यांना निर्णयांची. तिन्ही गटांना एकच सादरीकरण दाखवणं हा आपला आळस आहे.

पालकांशी आणि संस्थेशी बोलून घ्या

पालकांची शंका ठरलेली असते: "हे सगळं सांगितलं तर मुलं जास्तच करून बघतील." चिडू नका, उत्तर द्या. युनेस्कोनं 2018 मध्ये लैंगिकता शिक्षणाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यासाठी पाहिलेल्या संशोधनात असं शिक्षण दिल्यानं लैंगिक संबंध लवकर सुरू होतात किंवा वाढतात असं आढळलं नाही. त्यानंतर पालकांना सत्राचा आराखडा दाखवा आणि चिठ्ठ्यांतले दोन-तीन प्रश्न, ओळख पटणार नाही असे, वाचून दाखवा. बऱ्याच पालकांचा विरोध तिथेच मावळतो, कारण हे प्रश्न त्यांनाही कधीतरी पडलेले असतात.

गुप्ततेचं वचन मोजून द्या

इथे माझी चूक सांगते. एका मुलीनं सत्रानंतर थांबून विचारलं, "कुणाला सांगणार नाही ना?" मी पटकन म्हणाले, "कुणालाच नाही." पुढचं वाक्य ऐकल्यावर कळलं की हे सांगावंच लागणार, कारण घरातलंच कुणीतरी तिला इजा करत होतं. मदत मिळाली, पण त्या मुलीनं माझ्याशी पुन्हा कधी मनमोकळं बोलणं केलं नाही आणि तिचं बरोबर होतं. मी वचन मोडलं होतं.

आता प्रत्येक सत्राच्या पहिल्या पाच मिनिटांत मी हे सांगते: "तुम्ही मला जे सांगाल ते माझ्याजवळ राहील. तीन गोष्टी सोडून. तुमच्या जिवाला धोका असेल, तुमच्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुम्हाला इजा करत असेल, तर मी एकटी गप्प बसू शकत नाही. पण कुणाला सांगायचं आणि कसं, हे आधी तुमच्याशी बोलेन." आपल्या देशाचा कायदा आणि संस्थेचा नियम कुणाला, किती वेळात कळवायला सांगतो हे सत्राआधीच माहीत करून घ्या. नावं आणि फोन क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवा. प्रसंग आल्यावर शोधाशोध करायला वेळ नसतो.

एका सत्रात एकच कृती

"किशोरांमध्ये आरोग्याबाबत जाणीव निर्माण करणे" असं उद्दिष्ट अहवालात छान दिसतं आणि वर्गात काहीच घडवत नाही. उद्दिष्ट क्रियापदात लिहा. सत्र संपल्यावर मूल काय करू शकेल किंवा काय बोलू शकेल?

मुलांच्या गटासाठीचं एक उदाहरण जरा विस्तारानं देते, कारण ते बहुतेक अभ्यासक्रमांत सापडत नाही. वृषणाला पीळ पडणं हा प्रकार कोणत्याही वयात होऊ शकतो, पण किशोरवयात जास्त दिसतो. अचानक तीव्र दुखतं, सूज येते, अनेकदा मळमळ किंवा उलटी होते. कधी दुखणं फक्त पोटातच जाणवतं. रक्तपुरवठा तुटलेला असतो आणि साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण वाचण्याची शक्यता खूप जास्त असते. पुढे ती झपाट्यानं घटते. या सहा तासांतला मोठा भाग जातो लाजण्यात. मुलगा "पोट दुखतंय" म्हणून पांघरूण ओढून झोपतो, घरचे सकाळपर्यंत थांबतात.

या सत्राचं उद्दिष्ट शरीररचना पाठ करणं नव्हे. उद्दिष्ट असं: "प्रत्येक मुलगा एक वाक्य मोठ्यानं म्हणू शकेल." ते वाक्य: "माझ्या वृषणात अचानक खूप दुखतंय, मला आत्ता दवाखान्यात न्या." पहिल्यांदा म्हणायला लावलं की हशा पिकतो. पिकू द्या. दुसऱ्यांदा हशा कमी होतो. तिसऱ्यांदा सगळे एकदम म्हणतात आणि तो शब्द वर्गापुरता तरी इतर शब्दांसारखा होऊन जातो. आकृतीवर दहा मिनिटं, वाक्यावर पंधरा. याच सत्रात जोडून सांगा की वयात येताना साधारण निम्म्या मुलांच्या छातीत काही काळ गाठ किंवा सूज येते आणि बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जाते. "हे नॉर्मल आहे का?" या ढिगातली ती एक चिठ्ठी नक्की असते, निदान माझ्या पेटीत असतेच.

पाळीच्या सत्राचं उद्दिष्टही असंच ठरवा: प्रत्येक मुलगी तीन महिने तारखा लिहून ठेवेल आणि डॉक्टरांकडे कधी जायचं हे सांगू शकेल. सुरुवातीच्या वर्षांत दोन पाळ्यांमध्ये 21 ते 45 दिवसांचं अंतर चालतं, रक्तस्राव साधारण सात दिवसांपर्यंत असतो. दर एक-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजत असेल, दुखण्यामुळे शाळा बुडत असेल किंवा वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आलीच नसेल, तर तपासून घ्यायचं. नुसतं "28 दिवसांचं चक्र असतं" असं फळ्यावर लिहिलं तर निम्म्या मुली घरी जाऊन घाबरतात. आणि हे सत्र मुलांनाही द्या, वेगळं नाही, तेच.

झोपेबद्दल बोलताना "लवकर झोपा" हा सल्ला वाया जातो. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं. हे सांगितलं की मुलं पहिल्यांदा मान वर करतात, कारण कुणीतरी म्हटलेलं असतं की तू आळशी नाहीस. मग 13 ते 18 या वयात आठ ते दहा तास झोप लागते हा आकडा ऐकायला ती तयार होतात. उद्दिष्ट एकच ठेवा: मोबाईल रात्री कुठे ठेवायचा ती जागा ठरवणं. खोलीबाहेरची जागा, घरातली नेमकी जागा, वहीत लिहून.

घाबरवण्याचा मोह

सडलेल्या जबड्याचा फोटो दाखवला की वर्ग गप्प होतो आणि आपल्याला वाटतं, पोचलं. पोचतं ते बहुधा वेगळंच. भीती वाढवली आणि सुटकेची वाट दाखवली नाही, तर माणूस त्या विषयाकडेच पाठ फिरवतो. किशोर तर फोटो काढून ग्रुपवर टाकतात.

अमेरिकेतला डी.ए.आर.ई. हा कार्यक्रम 1983 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला. गणवेशातले पोलीस शाळेत येऊन अमली पदार्थांविरुद्ध शिकवत. तो हजारो शाळांत पसरला, पालकांना आवडला, पण मुलांच्या व्यसनांवर त्याचा टिकणारा परिणाम अभ्यासांत फारसा दिसला नाही. पुढे त्यांनी अभ्यासक्रमच बदलला. कार्यक्रम लोकप्रिय असणं आणि उपयोगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग काय करायचं? दोन गोष्टी मला चालताना दिसल्या आहेत. पहिली म्हणजे "सगळेच करतात" हा गैरसमज मोडणं. पर्किन्स आणि बर्कोविट्झ यांनी 1986 मध्ये दाखवलं की विद्यार्थ्यांना आपले सोबती दारूबद्दल प्रत्यक्षात आहेत त्यापेक्षा जास्त सैल वाटतात. वर्गात निनावी चिठ्ठीवर दोन प्रश्न विचारा: गेल्या महिन्यात तू व्हेप (ई-सिगरेट) किंवा सिगरेट ओढलीस का? आणि वर्गातल्या किती जणांनी ओढली असेल असं तुला वाटतं? दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी लिहा. अंदाजाचा आकडा जवळपास नेहमी मोठा निघतो आणि मग तुम्हाला भाषण करावं लागत नाही. मात्र आकडे तुम्ही आधी बघा. वर्गात खरोखरच बहुतेक जण ओढत असतील, तर ते फळ्यावर लिहिणं म्हणजे जाहिरात होईल.

दुसरी म्हणजे मुलांची चीड कामाला लावणं. ब्रायन आणि येगर यांच्या 2016 च्या अभ्यासात आठवीच्या मुलांना खाद्यकंपन्या लोकांना, त्यातही लहान मुलांना, अरबट चरबट खाण्याकडे कशा ओढतात ते सांगितलं गेलं. नेहमीचा "शरीरासाठी चांगलं खा" हा धडा मिळालेल्या मुलांपेक्षा त्यांनी दुसऱ्या दिवशी जास्त बऱ्या गोष्टी निवडल्या. मोठ्यांनी आपल्याला मूर्ख बनवलेलं या वयात अजिबात खपत नाही. शिकवणाऱ्यानं हे विसरू नये, आपल्याबद्दलही.

तोंडानं बोलून बघा

आता त्या पहिल्या चिठ्ठीकडे. नकार द्यायला शिकवणं म्हणजे "नाही म्हणा" असं सांगणं नव्हे. दोन मुलांना पुढे बोलावलं, एकानं सिगरेट म्हणून पेन्सिल पुढे केली. दुसरा छाती काढून म्हणाला, "नाही! धूम्रपान आरोग्यास हानिकारक आहे." वर्ग खो खो हसला. मी विचारलं, "खऱ्या कट्ट्यावर असं कोण बोलेल?" कुणीच नाही. मग एक मुलगी आली. पेन्सिलीकडे बघितलंही नाही. "नको रे, उद्या मॅच आहे. तुझा तो नवीन गेम किती झाला?" आणि समोरचा मुलगा नकळत गेमबद्दल बोलायला लागला.

मग आम्ही ते वाक्य सोलून काढलं. तीन भाग होते: छोटा नकार, स्वतःचं कारण, विषय बदलणं. समोरच्याचा अपमान नाही, स्वतःचीही शोभा नाही. एका मुलानं विचारलं, "मॅच नसेल तर खोटं बोलायचं का?" चांगला प्रश्न. आम्ही ठरवलं की प्रत्येकानं स्वतःचं खरं कारण आधीच शोधून ठेवायचं.

सराव करून घेताना काही बारकावे सांभाळा. आग्रह करणाऱ्याची भूमिका शक्यतो तुम्ही करा. मुलाला दिली तर तो त्या कामात तरबेज होतो आणि टाळ्याही त्यालाच मिळतात. आग्रह तीन वेळा करा, एकदा नाही, कारण खरा मित्र तीनदा करतो. लाजरी मुलं सगळ्यांसमोर येणार नाहीत, त्यांना जोडीनं बसल्या जागी करू द्या. शेवटी प्रत्येकानं "जर... तर..." असं एक वाक्य लिहायचं: "जर बसमध्ये त्यानं पुढे केली, तर मी म्हणेन..." जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनाचा हा गाभा आहे. प्रसंग आणि कृती आधीच जोडून ठेवली, तर नुसत्या इच्छेपेक्षा ती घडण्याची शक्यता वाढते. नेमकेपणात सगळी ताकद आहे. "मी व्यसन करणार नाही" हे वाक्य परत करा, पुन्हा लिहायला सांगा.

मोबाईलवरचं ज्ञान

मुलं आरोग्याचं बरंचसं तिथेच शिकतात. तुमच्या सत्रात सगळ्यांच्या समोर एक व्हिडिओ लावा, त्वचा उजळवणारा किंवा आठवड्यात स्नायू फुगवणारा, आणि तपासायची एकच सवय लावा: पानावर रेंगाळू नका, बाहेर पडा. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांची तुलना केली, तेव्हा तपासनीस सरस ठरले. ते साईट बारकाईनं वाचत बसले नाहीत. त्यांनी लगेच नव्या टॅबमध्ये शोधलं की ही साईट चालवतं कोण. हे वर्गात पाच मिनिटांत करून दाखवता येतं. सांगणारा कोण, तो काय विकतो, इतर काय म्हणतात, एवढंच.

मुलांमधलीच मुलं

इंग्लंड आणि वेल्समधल्या 59 शाळांत असिस्ट नावाचा प्रयोग झाला, निष्कर्ष 2008 मध्ये आले. 12-13 वर्षांच्या मुलांनाच विचारलं: तुम्ही कुणाचं ऐकता? ज्यांची नावं जास्त आली त्यांना प्रशिक्षण दिलं आणि त्यांनी भाषण न करता जेवणाच्या सुट्टीत, येताजाता, धूम्रपानाबद्दल गप्पा मारायच्या होत्या. त्या शाळांत नियमित सिगरेट ओढणाऱ्यांचं प्रमाण कमी राहिलं. यातलं उचलण्यासारखं म्हणजे निवड. शिक्षक निवडतात ती पहिल्या बाकावरची मुलं. मुलं निवडतात त्यांत दोन वात्रटही असतात, आणि तीच लागतात.

जपून

वजनावर बोलताना वर्गात वजनकाटा आणू नका, कॅलरी मोजायला लावू नका, खाण्याच्या विकारांच्या "युक्त्या" वर्णन करू नका. नाजूक मनःस्थितीतल्या मुलाला ती कृतीची यादी ठरते. हालचालीबद्दल बोला: 5 ते 17 या वयासाठी जागतिक आरोग्य संघटना दिवसाला सरासरी 60 मिनिटं मध्यम ते दमवणारी हालचाल सुचवते, आणि नाचणंही त्यात धरलं जातं.

आत्महत्येचा विषय टाळू नका, पण पद्धतींचं वर्णन कधीच करू नका. एखाद्या मुलाबद्दल शंका आली तर बाजूला घेऊन सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरते, हा समज चुकीचा आहे. "हो" आलं तर त्याला एकटं सोडू नका. खिशातला तो कागद याच वेळेसाठी आहे.

परत जा

सत्राच्या शेवटी "समजलं का?" विचारलं की "हो" असं एकसुरी उत्तर येतं, त्याला अर्थ नसतो. त्याऐवजी म्हणा, "तुझ्या धाकट्या भावाला हे सांगायचंय, सांग बघू." जिथे अडखळेल तिथे तुमचं शिकवणं अडखळलेलं असतं.

आणि महिन्यानं पुन्हा जा, वीस मिनिटांसाठी का होईना. नवीन काही शिकवू नका. कोरा कागद द्या आणि आठवेल ते लिहायला सांगा. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर बाजी मारली ती आठवून लिहिण्याचा सराव केलेल्यांनी. शिवाय त्याच कागदावर शेवटी एक ओळ ठेवा: "जर-तर वाक्य वापरायची वेळ आली का? काय झालं?" नाव लिहायचं नाही. मागच्या खेपेला एकानं लिहिलं होतं: "वेळ आली. वाक्य विसरलो. घरून आईचा फोन आलाय म्हणून निघून आलो." आम्ही ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि त्या दिवशीचा सराव फोनच्या बहाण्यानं सुरू केला.